सहा ते सहा दहा

१२ जानेवारी

आदरणीय मावशी,
सा. नमस्कार.

फोनवर तुम्हाला निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं निम्मं तुम्ही मनाने भरता, असं तुमचा भाचा म्हणतो. म्हणून लिहिते आहे.

त्याच्या जठराच्या खालच्या टोकाला गाठ आहे. काल तपासणीचा अहवाल आला. कर्करोग आहे. हा शब्द सुरुवातीलाच लिहून टाकते, म्हणजे पत्रभर तुम्हाला तो शोधावा लागणार नाही.

गाठ इतरत्र पसरलेली दिसत नाही. ३ फेब्रुवारीला शस्त्रक्रिया आहे. जठराचा जवळजवळ दोन तृतीयांश भाग काढतील. सर्जनबाई साधारण पन्नाशीच्या आहेत, कमी बोलतात. मी त्यांना सोळा प्रश्न विचारले. चौदांची उत्तरं त्यांनी दिली आणि दोन प्रश्नांना ‘माहीत नाही’ म्हणाल्या. त्यामुळे त्यांच्यावर विश्वास बसला.

तो अजून रोज सुतारशाळेत जातो. एका शाळेचे बाक करायचे आहेत, ते अर्धवट सोडणार नाही म्हणतो. त्याने तुम्हाला ‘अ‍ॅसिडिटीचा त्रास आहे’ एवढंच कळवायला सांगितलं होतं. ते मला जमलं नाही. त्याच्या चौथ्या वर्षी आई गेली तेव्हापासून तुम्ही त्याला वाढवलंत, तुम्हाला खरं कळायला हवं.

काकांना सोडून तुम्हाला येता येणार नाही, हे आम्हाला दोघांनाही माहीत आहे. त्याचं वाईट वाटून घेऊ नका.

तुमची,
सून


१७ जानेवारी

चि. सौ. सूनबाईस अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. वाचून झाल्यावर मी उठले, गवार निवडली, पुन्हा वाचलं, निवडलेली गवार कचऱ्यात टाकली आणि देठं भांड्यात ठेवली. तुझ्या काकांनी अंथरुणातून ते पाहिलं. अर्धांगाच्या झटक्यापासून त्यांच्या तोंडून शब्द धड फुटत नाही, पण ‘भो?’ एवढं विचारलं. मी म्हटलं, हो, आपला भोपळ्या आजारी आहे. 

तू खरं लिहिलंस ते बरं केलंस. अ‍ॅसिडिटी म्हणे! पहिलीत असताना त्याने गाल सुजलेले असूनही ‘मी तोंडात लाडू ठेवलाय’ म्हणून सांगितलं होतं. तीन दिवस लाडू!

आता माझं ऐक. तुला हे पटणार नाही, तरी ऐक. आमच्या घरात एक रीत आहे. माझी आई करायची, मी करते. कोणी मोठ्या दुखण्यात असलं की दोघींनी एकाच वेळी बसायचं. एकीने आजाऱ्याजवळ, त्याच्या कपाळावर हात ठेवून. दुसरीने ती जिथे असेल तिथे, देवापुढे. संध्याकाळी सहाला, दहा मिनिटं. मागायचं काही नाही. फक्त मनात त्याचं नाव घ्यायचं. एकटीने बसलं तर ते मागणं होतं, दोघींनी बसलं की ती राखण होते, असं आई म्हणायची. तुझा देवावर विश्वास नाही हे मला ठाऊक आहे. नसू दे. देवाचा भाग मी बघते. हाताचा भाग तुझा.

त्याला यातलं काही सांगू नकोस. सांगितलं की चेष्टा करत बसेल. आणि बसलीस की तारीख-वेळ लिहून मला कळवत जा. तेहतीस वर्षं वह्या तपासल्यात मी. वही बघितल्याशिवाय माझा जीव थाऱ्यावर येत नाही.

बसशील ना?

तुझी मावशी

ता. क. पोस्टात टाकताना आठवलं: ऑपरेशनला तू एकटी नकोस. ताईला पाठवते. माझी लेक बडबडी आहे, पण ओझं उचलते.


२३ जानेवारी

आदरणीय मावशी,
सा. नमस्कार.

हो, बसेन. सुरुवात केली आहे. नोंद खाली देते.

१९ जानेवारी – ६:०० ते ६:१०
२० जानेवारी – ६:०० ते ६:१०
२१ जानेवारी – ६:०० ते ६:१०
२२ जानेवारी – ६:०० ते ६:१०

रक्ताच्या तपासण्या झाल्या. छातीचा फोटो झाला. हृदय ठीक आहे. वजन अकरा किलोने कमी झालंय. भोपळा आता राहिलेला नाही, असं त्यालाच वाटतं. काल सुरवार तिसऱ्यांदा आवळून घेतली आणि म्हणाला, ‘नाडी संपत आली, माणूस शिल्लक आहे.’

मी ऑफिसला जाते आहे. रजा शस्त्रक्रियेसाठी राखून ठेवली आहे. पण हातून काम होत नाही. आमच्याकडे दुकानांतली आणि कारखान्यांतली वजनं येतात, ती खरी आहेत का हे आम्ही आमच्या प्रमाण वजनाशी ताडून बघतो. प्रमाण वजनाला हात लावायचा नाही, बोटांचा तेलकटपणासुद्धा त्याचं वजन बदलतो. चिमट्याने उचलायचं. तराजूसमोर फार वेळ उभंही राहायचं नाही, अंगाच्या उबेने आकडा हलतो. लग्नानंतर हे सगळं त्याला सांगितलं, तेव्हा तो म्हणाला होता, ‘म्हणजे तुझं काम लांब उभं राहायचं.’ त्याला सगळं डोळ्यानेच मोजायची सवय.

त्यात या आठवड्यात एक प्रकरण झालं. आमच्यातले सगळ्यात जुने तंत्रज्ञ, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेले. त्यांनी एक वजन तीस वेळा तोलून तीस वाचनं घेतल्याची नोंद केली होती. तीसच्या तीस सारखी, शेवटच्या आकड्यापर्यंत. मी दोन मिनिटांत ओळखलं. खरा तराजू इतका शांत कधीच नसतो. शेवटचा आकडा हलतोच. त्यांनी वजन तराजूवर ठेवलंच नव्हतं. मी वर कळवलं. ते माझ्याशी बोलत नाहीत. माझं चुकलं नाही, पण झोप लागत नाही.

तुमची,
सून


२७ जानेवारी

चि. सौ. सूनबाईस अनेक आशीर्वाद.

नोंद मिळाली. छान टापटीप आहे.

त्या बिचाऱ्या म्हाताऱ्यावर तू फार कडक झालीस का? नाही, तुझं चुकलं म्हणत नाही मी. खोटं ते खोटंच. पण पूर्वी माझ्या वर्गात एक मुलगी होती, रोज एक पान शुद्धलेखन लिहायचं तर तिने महिन्याची तीस पानं रविवारी एका बैठकीत लिहून काढली. एकच शाई, एकच वळण, एकसुद्धा डाग नाही. मी विचारलं, कधी लिहिलंस? तर म्हणाली, बाई, रोज. मग कळलं की तिची आई दवाखान्यात होती. मी काही बोलले नाही. तू मात्र बोललीस, तुझं काम वेगळं आहे.

ताई २९ तारखेला निघते. तिच्याबरोबर काकांची जुनी लोकरी टोपी पाठवतेय. दवाखान्यात थंडी वाजते. त्याला घालायला लाव, नाही घातली तर माझं नाव सांग.

एक विचारू? हात ठेवतेस तेव्हा त्याचं कपाळ कसं लागतं गं हाताला? लहानपणी त्याचं कपाळ नेहमी घामेजलेलं असायचं, थंडीतसुद्धा. अजून असतं का?

मावशी


३ फेब्रुवारी

आदरणीय मावशी,
सा. नमस्कार.

आज शस्त्रक्रिया झाली नाही. काळजी करू नका. रक्त कमी भरलं. दोन बाटल्या रक्त देऊन ७ तारखेला करणार आहेत. आम्ही ३१ तारखेपासून दाखल आहोत. ताई पोचल्या. त्यांनी वॉर्डातल्या चारही खाटांची चौकशी केली आहे. शेजारच्या खाटेवरच्या आजोबांना नातू आहे आणि त्याला कावीळ होऊन गेली, हे मला आता माहीत आहे.

लांबलेले चार दिवस त्याला जड जातायत. खाटेजवळच्या कपाटाचं दार करकरतं, म्हणून त्याने सलाइन लावलेल्या हाताने, जेवणाचा चमचा वापरून बिजागरीचा स्क्रू आवळला. परिचारिका ओरडल्या. दार आता करकरत नाही. मग बाकीच्या तीन खाटांवरून हाक आली, ‘आमचंही बघा.’

वॉर्डात वजन केलं, ते घरच्यापेक्षा एक किलो दोनशे ग्रॅम जास्त भरलं. तो इतका खूश झाला! म्हणाला, ‘बघ, भरतोय परत.’ ताईंनी सगळ्या वॉर्डाला सांगितलं. मला ते पटलं नाही. न खाणाऱ्या माणसाचं वजन तीन दिवसांत वाढत नाही. पण बोलले नाही.

तुम्ही कपाळाचं विचारलं होतंत. नेहमीसारखं आहे. काल ३६.८ अंश होतं.

२३ जानेवारी ते २ फेब्रुवारी – रोज ६:०० ते ६:१०

टोपी घालत नाही. तुमचं नाव सांगितलं. म्हणाला, ‘तिला सांग घातली.’ म्हणून सांगते : घातलेली नाही.

तुमची,
सून


९ फेब्रुवारी

आदरणीय मावशी,
सा. नमस्कार.

शस्त्रक्रिया झाली. ताईंनी फोनवर ओरडून सांगितलं असेल, पण नीट लिहिते.

७ तारखेला सकाळी साडेआठला आत नेलं, एक पन्नासला बाहेर आणलं. पाच तास वीस मिनिटं. उघडल्यावर गाठ वरच्या बाजूला अपेक्षेपेक्षा जास्त सरकलेली निघाली. म्हणून पूर्ण जठर काढावं लागलं. अन्ननलिका थेट आतड्याला जोडली आहे. थोडं थोडं, दिवसातून आठ वेळा खावं लागेल. पोट नसलं तरी माणूस जगतो, मी विचारून घेतलं आहे. भूक मात्र पूर्वीसारखी लागत नाही. भुकेची खूण बरीचशी जठरातूनच येते, ती आता येणार नाही. कोणाला काही महिन्यांनी लागते, कोणाला नाहीच.

काढलेला भाग तपासायला गेला आहे. कापलेल्या कडांना रोग आहे का, आजूबाजूच्या लसीका ग्रंथींत पोचला आहे का, हे त्यावरून कळेल. पुढचं सगळं त्या कागदावर आहे. दोन आठवडे.

तो शुद्धीवर आहे. पहिलं वाक्य : ‘बाक पोचले का?’

३ ते ८ फेब्रुवारी – रोज ६:०० ते ६:१०

तुमची,
सून


१३ फेब्रुवारी

चि. सौ. सूनबाईस अनेक आशीर्वाद.

ताईचा फोन आला. ती नुसतीच ओरडत होती आणि मी नुसतीच ‘काय? काय?’ म्हणत होते. शेवटी शेजारच्या शिंपीणबाईंनी फोन घेतला आणि मला हाताच्या खुणेने सांगितलं, झालं, ठीक आहे.  काकांनी डाव्या हाताने गादीवर थापा मारल्या. टाळी वाजवायची होती त्यांना.

आता त्यांचीच गंमत सांगते. सहा वाजले की ते माझ्याकडे बघतात आणि डोळे मिटतात. मी देवापुढे, ते अंथरुणात. तुझ्या नोंदी मी त्यांना वाचून दाखवते. त्यांना पाठ झाल्यात. पाठ करायला सोप्याच आहेत म्हणा, एकच तर ओळ! तोंडातून शब्द निघत नाही त्या माणसाच्या, पण काल ‘सा... सा दा’ असं स्पष्ट म्हणाले. सहा दहा. सहा महिन्यांत पहिल्यांदा दोन शब्द जोडले. डॉक्टरांना सांगितलं तर ते म्हणाले, व्यायाम चालू ठेवा.

ताई म्हणते तुझ्या पिशवीत दगड होते. ‘वहिनीची पिशवी उचलली तर माझी कंबर बोलली,’ म्हणाली. काय घेऊन फिरतेस गं दवाखान्यात?

अहवाल आला की लगेच कळव. लपवू नकोस, तू लपवत नाहीस हे मला माहीत आहे.

मावशी


१८ फेब्रुवारी

मावशी,

नमस्कार. हे पत्र मी चार वेळा लिहायला घेतलं.

नोंदी खोट्या आहेत. सगळ्या. १९ जानेवारी ते ८ फेब्रुवारी, एकवीस दिवस. एकही दिवस मी बसले नाही.

पहिल्या दिवशी प्रयत्न केला होता. तो खुर्चीत पेपर वाचत होता. मी मागून जाऊन कपाळावर हात ठेवला. तो दचकला. म्हणाला, ‘ताप बघतेस?’ मी ‘हो’ म्हटलं आणि थर्मामीटर आणायला गेले. ३६.७ होता. त्यानंतर रोज ताप बघितला. तुम्ही कपाळाचं विचारलंत तेव्हा मी तुम्हाला तापच कळवला. घाम येतो का, हे मला माहीत नाही. लग्नाला चार वर्षं झाली, आणि मला माहीत नाही.

का बसले नाही, त्याची कारणं मी लिहून काढली होती. एकच खरं निघालं. दहा मिनिटं काही न मोजता, काही न विचारता, नुसता हात ठेवून बसायचं म्हणजे करण्यासारखं आणखी काही उरलेलं नाही हे मान्य करायचं. मला ते करता आलं नाही. आणि तुम्हाला ‘नाही’ म्हणताही आलं नाही.

आता पिशवीबद्दल. त्यात पाच किलोचं प्रमाण वजन होतं. ऑफिसात रीतसर नोंद करून घेतलेलं. वॉर्डातला काटा मला खोटा वाटत होता. शस्त्रक्रियेच्या दिवशी त्याला आत नेल्यावर मला बसवेना. ताई म्हणाल्या, ‘अगं बस, चालून काय होणार?’ दहाच्या सुमाराला मी वॉर्डात गेले आणि काट्यावर वजन ठेवलं. त्याने शंभर ग्रॅम जास्त दाखवलं. पाच किलोमागे शंभर, म्हणजे साठ किलोच्या माणसामागे एक किलो दोनशे. तो भरत नव्हता. काटा खोटं बोलत होता. मी तळमजल्यावर देखभाल विभागात गेले. तिथला माणूस म्हणाला, ‘बाई, किलोभराने कोण मरतं?’ मी म्हटलं, औषधं वजनावर देतात. लेखी तक्रार घ्या. सही करा. तो सही करेना. मी हलेना.

त्याच वेळी वर नाव पुकारलं. तीनदा. सर्जनबाई बाहेर आल्या होत्या. जास्त काढावं लागेल, घरच्यांची संमती हवी होती. मी नव्हते. ताईंनी त्यांना सांगितलं, ‘खाली देवाचं काहीतरी करायला गेली असेल.’ त्यांनी ते नंतर मला कौतुकाने सांगितलं. मी ‘नाही’ म्हटलं नाही.

अकरा मिनिटं, मावशी. मी पोचून सही करेपर्यंत अकरा मिनिटं तो उघड्या पोटाने टेबलावर होता आणि मी एका काट्यासाठी सही मागत होते. सर्जनबाई म्हणतात, काही फरक पडला नाही. त्या खोटं बोलत नाहीत. तरी.

हे सगळं मी तुम्हाला कधीच सांगितलं नसतं. पण काका ‘सहा दहा’ म्हणतात. ते मी नाहीच केलेलं. त्यांना सांगा किंवा सांगू नका, तुम्ही ठरवा.

अहवाल आलेला नाही. काढलेल्या भागाच्या काचपट्ट्या दुसऱ्या डॉक्टरांनी पुन्हा बघायला घेतल्यात. परवा घरी सोडतील.

त्या जुन्या तंत्रज्ञांना मी काल भेटले. माफी मागितली नाही, कारण त्यांची नोंद खोटी होती. त्यांनी विचारलं, ‘नवरा कसा आहे?’ मग म्हणाले, ‘त्या आठवड्यात माझ्या डोळ्यांना दिसतच नव्हतं. सांगायची लाज वाटली.’

सून


२३ फेब्रुवारी

सूनबाई,

मला पहिल्या यादीलाच कळलं होतं.

ताईने चुगली केली असं समजू नकोस, तिला मी विचारलंही नाही. अगं, तेहतीस वर्षं! खरं बसणाऱ्या माणसाचं कधी सहा पाचला सुरू होतं, कधी दाराशी कोणी येतं, कधी पायाला मुंग्या येतात म्हणून सहा आठलाच उठतो. तुझं रोज सहा ते सहा दहा. सेकंदाचा डाग नाही. आणि ज्या पत्रात यादी पाठवलीस त्याच पत्रात मला शिकवलंस, की खरा तराजू शांत नसतो म्हणून! दुसऱ्याची नक्कल पकडणारी तू, आणि स्वतःची इतकी कच्ची? हसू आलं मला. मग राग आला. शुद्धलेखनवाल्या मुलीची गोष्ट लिहिली ती तुझ्यासाठीच. कपाळाचं विचारलं तेही. तू ३६.८ कळवलंस. त्या दिवशी मात्र मी हसले नाही, रडले. म्हटलं, ही पोर हात लावायलासुद्धा घाबरलीय.

राग कशाचा आला तेही सांगते, म्हणजे तुला खोटं समाधान वाटायला नको. मी तुला ‘बसशील ना?’ विचारलं होतं. ‘नाही जमणार मावशी’ एवढं लिहिलं असतंस तर मी शिंपीणबाईंना बसवलं असतं. एकवीस दिवस माझ्या भोपळ्याजवळ कोणी नाही, हे ठाऊक असून मी इथे बसत होते. ते सोपं नव्हतं. मलाही विचारता आलं असतं, मीही विचारलं नाही. वाटलं, आज ना उद्या बसेल.

काकांना सांगितलं.  ते म्हणाले, ‘सा दा.’ आणि डोळे मिटले. त्यांना तुझ्या नोंदीशी काही देणंघेणं नाही असं दिसतं.

काट्याचं काय झालं ते लिहिलं नाहीस. दुरुस्त झाला का? आता एवढं केलंस तर तेही कळव. त्या खाटेवर उद्या दुसऱ्या कोणाचा तरी भोपळ्या असेल.

अकरा मिनिटांबद्दल मला काही म्हणता येत नाही. ती तुझी तुलाच वागवायची आहेत.

शिक्षा सांगते. आजपासून खरी नोंद. बसली नाहीस तर शून्य लिही. शून्याला मी रागावत नाही.

मावशी


८ मार्च

मावशी,

नमस्कार.

काटा बदलला. नवीन बसवला, मी जाऊन तपासला, बरोबर आहे. देखभालवाला म्हणाला, ‘झालं समाधान?’

अहवाल २ मार्चला आला. कापलेल्या कडा स्वच्छ आहेत. आजूबाजूच्या एकवीस लसीका ग्रंथी तपासल्या, त्यातल्या दोन ग्रंथींत रोग आहे. म्हणून पुढच्या आठवड्यापासून औषधं सुरू, साधारण सहा महिने. ‘बरा झाला’ असं सर्जनबाई लिहून देत नाहीत. मी विचारलं, त्या म्हणाल्या, ‘माहीत नाही. आज चांगलं आहे.’ आजच्या तारखेचं मला चालतं. तुम्हालाही चालवून घ्यावं लागेल.

नोंद :

२६ फेब्रुवारी – शून्य. तुमचं पत्र आलं. वाचत होते.

२७ फेब्रुवारी – ६:०७ ते ६:०९. कपाळावर हात ठेवला. तो म्हणाला, ‘मला ताप नाहीये.’ मी म्हटलं, माहीत आहे. हात काढला नाही. मग पाणी उकळायला लागलं.

२८ फेब्रुवारी – शून्य. उलट्या. दिवसभर चादरी.

१ मार्च – ६:०० ते ६:०४. त्याने विचारलं, ‘हे काय चाललंय?’ तुम्ही ‘सांगू नकोस’ म्हणाला होतात, पण मी सांगितलं. एकवीस दिवसांचंही सांगितलं. तो इतका हसला की टाके दुखले आणि पोटावर उशी दाबून धरावी लागली. म्हणाला, ‘मावशीला खोटी वही? मला तिने एकदा सगळे पाढे उलटे लिहायला लावले होते.’ मग उशी बाजूला ठेवून म्हणाला, ‘मला वाटायचं, तू लांब उभी राहतेस ते तुला माझी किळस येते म्हणून.’ मी त्याला सांगितलं की अंगाच्या उबेने आकडा हलतो. तो म्हणाला, ‘हलू दे की.’

२ मार्च – अहवालाचा दिवस. ५:४० ते ६:३५. मध्ये उठले नाही. नाव घेतलं की नाही आठवत नाही. बहुतेक कडा, कडा एवढंच म्हणत होते. अहवाल तर दुपारीच हातात आला होता.

३ मार्च – ६:१० ते ६:१५. गॅसचा विचार येत राहिला.

४ मार्च – शून्य. भांडण. त्याने मला न सांगता सुतारशाळेत फोन करून बाकांची उंची बदलायला सांगितली आणि नंतर अर्धा तास दमून पडला. मी बोलले. तोही बोलला.

५ मार्च – ६:०२ ते ६:१२. काकांची टोपी त्याने आपणहून घातली होती. हात टोपीच्या आत घालावा लागला.

६ मार्च – ६:०० ते ६:०६. कपाळ घामेजलेलं असतं, मावशी. थंडीतसुद्धा. भुवयांच्या वर जास्त, डाव्या बाजूला.

७ मार्च – ६:०५ ते ६:११. माझ्या पायाला मुंग्या आल्या.

८ मार्च – ६:०० ला बसले. ६:०३ ला भोपळ्या म्हणाला, ‘अगं, भूक लागलीय.’ ७ फेब्रुवारीनंतर हा शब्द पहिल्यांदा. मी विचारलं, सवयीने म्हणतोस की खरंच? तो म्हणाला, ‘ते मोजायला तुझ्याकडे काही असेल तर आण. नाहीतर खायला आण.’ मी उठले.

उरलेली सात मिनिटं आज तुम्ही आणि काका दोघंच होतात. मी बटाटा कुस्करत होते.

तुमची,
सून